कृषी संशोधनाला पैसा किती मिळतो यापेक्षा कसा मिळतो ते बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आंतरराष्ट्रीय कृषी संशोधनाच्या निधीकपातीवर आपल्या पेपरात संपादकीय आलं, त्यावर वाचकांची पत्रंही आली, सगळी वाचली. सगळ्यांचा सूर एकच, श्रीमंत देशांनी हात आखडता घेतला, आता गहू-भात-मक्याचं संशोधन बंद पडणार. खरंय ते, पण अर्धंच खरंय. मी काही शास्त्रज्ञ नाही, परदेशी देणग्यांवर चालणाऱ्या एका संशोधन संस्थेत बरीच वर्षं हिशोबाच्या बाजूला होतो, संस्थेचं नाव नको, त्यामुळे ही गोष्ट मी वेगळ्या खिडकीतून बघितलीये आणि तिथून जे दिसतं ते तुमच्या संपादकीयात कुठेच नव्हतं म्हणून हे पत्र, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझं म्हणणं एवढंच की पैसा कमी होणं हा आजार आहेच पण त्याच्या आधीपासूनचा मोठा आजार म्हणजे पैसा कुठल्या रूपात येतो तो. तीन वर्षांचा, एकाच कामाला बांधलेला, दर तिमाहीला रिपोर्ट मागणारा, आणि ज्या इमारतीत, ज्या शेतावर, ज्या बियाण्याच्या साठ्यावर ते काम उभं आहे त्याला एक पैसा न देणारा असा पैसा दुप्पट जरी केला तरी संशोधन सुधारेलच असं नाही, कधीकधी बिघडतं सुद्धा.

थोडं मागे जाऊ. १९६० मध्ये फिलिपिन्समध्ये इरी म्हणजे भात संशोधनाची संस्था निघाली ती फोर्ड आणि रॉकफेलर या दोन फाउंडेशनच्या पैशावर. आयआर-८ या भाताच्या वाणाचं संकरण १९६२ मध्ये केलं, ते १९६६ मध्ये बाहेर आलं, आणि मधल्या काळात देणगीदार कोण तर दोनच, त्यामुळे शास्त्रज्ञाला रोज उठून कोणाला काय दाखवायचं याची चिंता नव्हती. मेक्सिकोत गव्हाचे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग १९४४ पासून होते आणि त्यांचे बुटके गहू बाजारात यायला १९६२ उजाडलं, म्हणजे १८ वर्षं! आज कुठल्या देणगीदाराला १८ वर्षांचं प्रपोजल दाखवून बघा, दुसऱ्या पानाच्या पुढे कोणी वाचणार नाही.

पुढे अशा संस्था वाढल्या, दोन फाउंडेशनला झेपेना, म्हणून १९७१ मध्ये वर्ल्ड बँकेच्या पुढाकाराने सीजीआयएआर हा गट उभा राहिला, बँकेसोबत एफएओ आणि यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्था. गट म्हणजे खरंच गट, ना नोंदणीकृत संस्था ना स्वतःची तिजोरी, देणगीदार वर्षातून एकदा भेटायचे आणि कोण कुठल्या संस्थेला किती देणार ते सांगायचे. १९७२ मध्ये सगळा मिळून पैसा होता साधारण २ कोटी डॉलर. यातली हुशारीची गोष्ट म्हणजे वर्ल्ड बँकेची भूमिका. आधी एक तांत्रिक समिती कुठल्या संस्थेला किती लागतात ते ठरवायची, मग देश आपापल्या आवडीप्रमाणे पैसे द्यायचे, आणि जिथे खड्डा राहील तिथे बँक शेवटी भर टाकायची, एका ठरलेल्या मर्यादेपर्यंत. म्हणजे ज्या संस्थेला मिरवायला काही नव्हतं, फोटो काढण्यासारखं पीक नव्हतं, तीही उपाशी राहायची नाही. या पद्धतीला लोक नावं ठेवायचे, की कच्च्या संस्थाही तरतात, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं, पण हिशोबवाल्याच्या नजरेतून बघाल तर वर्षाच्या सुरुवातीला आकडा माहीत असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे ज्याने पगारपत्रक केलंय त्यालाच कळेल.

हे १९९० च्या दशकात मोडलं. शीतयुद्ध संपलं, मदतीची बजेटं आटली, धान्य स्वस्त होतं, सगळ्यांना वाटलं भुकेचा प्रश्न सुटला. १९९३-९४ मध्ये इतकी ओढाताण झाली की बँकेला जादाचे २ कोटी डॉलर घालून गाडी रुळावर आणावी लागली, आणि १९९५ च्या फेब्रुवारीत ल्युसर्नला मंत्र्यांची बैठक झाली, तिथे सगळ्यांनी पुन्हा पाठिंब्याच्या घोषणा केल्या. घोषणा पाळल्या गेल्या असं म्हणता येईल पण वेगळ्या प्रकारे, पैसा आला पण बांधलेला आला. दशकाच्या सुरुवातीला अटी घातलेल्या पैशाचा वाटा साधारण एकतृतीयांश होता, दहा वर्षांत तो निम्म्याच्या वर गेला. आणि हे आकडे वरवर बघितले तर कोणालाच खटकत नाहीत कारण एकूण रक्कम तेवढीच दिसते.

अटी असण्यात वाईट काय असं कोणी विचारेल, करदात्यांचा पैसा आहे, हिशोब नको का. हवाच, माझं तर पोटच त्याच्यावर चाललं. पण अट आणि हिशोब यात गल्लत होते. हिशोब म्हणजे दिलेले पैसे कुठे गेले ते सांग. अट म्हणजे तू काय शोधायचंस ते मी आधीच ठरवलंय. संशोधनात काय सापडेल आणि काय अंगावर येईल हे आधी माहीत असतं तर संशोधन कशाला लागलं असतं!

खोडावरच्या तांबेऱ्याचंच बघा. गव्हाचा हा जुना शत्रू, बोरलॉग यांच्या पिढीने प्रतिकारक वाणं आणून तो इतका दाबला की तीनचार दशकं तो कुणाच्या बोलण्यातही नव्हता. मग काय, सुटलेल्या प्रश्नाला पैसे कोण देणार, तांबेऱ्यावर काम करणारे लोक एकेक करून निवृत्त झाले आणि जागा भरल्या गेल्या नाहीत. १९९८ मध्ये युगांडात नवीन तांबेरा दिसला, पुढच्या वर्षी त्याला यूजी-९९ नाव पडलं, आणि कळलं की ज्या एका जनुकावर जगभरचे बरेच गहू विसंबून होते तोच याने निकामी केलाय. २००५ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या बोरलॉगना स्वतः पुढे येऊन धोक्याची घंटा वाजवावी लागली, तेव्हा कुठे देणगीदार हलले, आणि मोठा प्रकल्प, गेट्स फाउंडेशनच्या पैशावर कॉर्नेल विद्यापीठामार्फत, सुरू व्हायला २००८ आलं. रोग दिसल्यापासून दहा वर्षं. बैल गेला नि झोपा केला असं अगदीच झालं नाही, नशिबाने बैल दारातच होता, पण ते नशीब होतं, नियोजन नव्हतं.

या कामाला जाणकार मेंटेनन्स रिसर्च म्हणतात, म्हणजे आहे ते उत्पादन टिकवून ठेवायला चाललेलं संशोधन, ज्यात यश मिळालं म्हणजे काहीच घडत नाही. देणगीदाराला काहीच न घडण्याचा फोटो कसा पाठवणार? इमारतीसारखं आहे हे, नवीन मजल्यावर आपलं नाव कोरायला सगळे तयार असतात, पण लिफ्टच्या देखभालीची वर्गणी मागायला गेलं की दार उघडत नाही.

याउलट मोकळा पैसा असला की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. १९७० च्या दशकात आफ्रिकेत कसाव्यावर पिठ्या ढेकूण आला, दक्षिण अमेरिकेतून चुकून आलेला, त्याला खाणारं आफ्रिकेत कोणी नव्हतं, आणि कसावा हा कंद म्हणजे तिथल्या कोट्यवधी गरिबांचं रोजचं अन्न. नायजेरियातल्या इबादानच्या आयआयटीए या शेती संशोधन संस्थेने हान्स हेरेन या कीटकशास्त्रज्ञाच्या हाताखाली थेट दक्षिण अमेरिकेत शोध घेऊन तिथली एक बारीकशी गांधीलमाशी आणली, १९८१ मध्ये ती सोडायला सुरुवात केली, आणि देशामागून देश करत कीड आटोक्यात आली. हेरेन यांना १९९५ चा वर्ल्ड फूड प्राइज मिळाला. आता विचार करा, हे काम आजच्या पद्धतीत कसं झालं असतं. आधी कॉन्सेप्ट नोट, मग प्रपोजल, मग तीन वर्षांनी किती गांधीलमाश्या आणि किती महिला शेतकऱ्यांना लाभ याचा तक्ता, मग मंजुरी, आणि तोवर अर्ध्या खंडातला कसावा संपला असता. मी अतिशयोक्ती करतोय असं वाटत असेल तर एखादा असला फॉर्म मागवून बघा.

एका वाचकाने पत्रात लिहिलंय की हे सगळं खासगी कंपन्यांवर सोडा, त्या जास्त चांगलं करतील. संकरित मक्याचं बी शेतकरी दरवर्षी विकत घेतो म्हणून तिथे कंपन्या आहेतच. पण कसावा लावतात खोडाचे तुकडे घेऊन, शेजाऱ्याकडून मागून, त्यात कंपनीला काय मिळणार? गांधीलमाशी हवेत सोडली की ती कोणाच्या शेतावर जायचं ते पावती बघून ठरवत नाही. ज्याचा फायदा सगळ्यांना होतो आणि बिल कोणालाच पाठवता येत नाही असं काम बाजार करणार नाही, म्हणून तर देणगीदार लागतात. आणि फायदा थोडाथोडका नाहीये, २०२० मध्ये एक मोठा आढावा आला त्यात सीजीआयएआरवर पन्नास वर्षांत आजच्या किमतीत साधारण ६,००० कोटी डॉलर खर्च झाले आणि प्रत्येक डॉलरमागे दहा डॉलरचा फायदा झाला असा हिशोब मांडलाय. एकास दहा! असा परतावा असूनही दरवर्षी झोळी घेऊन फिरावं लागतं, यावरून कळतं की अडचण परताव्याची नाहीच, परतावा मिळतो वीस वर्षांनी आणि दुसऱ्याच देशातल्या माणसाला, अडचण ती आहे.

आता माझ्या खात्याकडे येतो, कारण इथे वर्तमानपत्रं कधी फिरकत नाहीत.

पहिली गोष्ट वर्षाची. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, ब्रिटनचं आणि जपानचं एप्रिलमध्ये, ऑस्ट्रेलियाचं जुलैमध्ये, आणि संस्थेचं स्वतःचं जानेवारी ते डिसेंबर. पिकाचं वर्ष यातल्या कोणाचंच ऐकत नाही, ते पावसाचं ऐकतं. पेरणीच्या आधी पैसे आले नाहीत तर तीन महिने उशीर होत नाही, एक पूर्ण हंगाम जातो म्हणजे एक वर्ष जातं, आणि तीन वर्षांच्या ग्रँटमधलं एक वर्ष गेलं की उरलेल्या दोन हंगामांच्या आकड्यांवर शास्त्रज्ञाने काय बोलावं? मग नो-कॉस्ट एक्स्टेन्शन नावाचा प्रकार, म्हणजे मुदत वाढवतो पण पैसे वाढवणार नाही, त्या वाढीव काळात माणसांचा पगार कुठून द्यायचा ते तुमचं तुम्ही बघा. आणि दुसऱ्या टोकाला, वर्ष संपत आलं आणि पैसे शिल्लक दिसले की देणगीदाराकडून मेल येतो, खर्च कमी का झालाय, बर्न रेट म्हणजे पैसे संपवायचा वेग बघा, आणि मग घाईघाईने मशिनं घेतली जातात जी दोन वर्षांनी सर्व्हिसिंगला पैसे नाहीत म्हणून कापड टाकून ठेवलेली असतात. हे मी डोळ्याने बघितलंय.

दुसरी गोष्ट ओव्हरहेडची, म्हणजे कुठल्याच एका प्रकल्पाच्या नावावर न पडणाऱ्या अप्रत्यक्ष खर्चाची. हा शब्द उच्चारला की देणगीदाराच्या चेहऱ्यावर आठ्या पडतात, त्यांना वाटतं यात गाड्या नि एसी लपलेत. अहो त्यात वीज असते, ज्या फ्रीजरमध्ये बियाणं ठेवलंय त्याची वीज, ऑडिटरची फी असते, सर्व्हर असतो, शेताचं कुंपण असतं, आणि हो, माझ्यासारख्यांचा पगारही असतो. गेट्स फाउंडेशन हे या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या देणगीदारांपैकी एक, त्यांचं जाहीर धोरण बघा, अप्रत्यक्ष खर्चासाठी सामाजिक आणि आंतरराष्ट्रीय संस्थांना जास्तीत जास्त १५ टक्के, अमेरिकन विद्यापीठांना १० टक्के, सरकारी खात्यांना शून्य. निदान त्यांनी लिहून तरी ठेवलंय, काहीजण आयत्यावेळी घासाघीस करतात. खरा खर्च जास्त असेल तर फरक कुठून भरायचा? मोकळ्या पैशातून. म्हणजे जो थोडका बिनअटीचा पैसा नवीन कल्पना करून बघायला, अचानक आलेल्या किडीमागे धावायला ठेवायचा तो बांधलेल्या प्रकल्पांची तूट भरण्यात जातो, आणि गंमत अशी की जेवढे जास्त प्रकल्प मिळवाल तेवढी तूट जास्त. बाहेरून बघणाऱ्याला संस्था वाढताना दिसते, आतून ती पोकळ होत असते.

आणि मग तेच देणगीदार दहा प्रकारचे अहवाल मागतात. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, खर्चाची खाती वेगळी, कोणाला प्रवास आणि प्रशिक्षण वेगळं हवं, कोणाला एकत्र, टाइमशीट सगळ्यांना हवी. एक शास्त्रज्ञ चार प्रकल्पांत पंचवीस-पंचवीस टक्के वाटलेला असतो आणि पाचवं प्रपोजल लिहायला लागणारा वेळ कुठल्याच टाइमशीटवर टाकायची परवानगी नसते. तो वेळ तर जातोच ना, कुठून जातो? शेतावरच्या वेळातून.

तिसरी गोष्ट चलनाची. हिशोब डॉलरमध्ये, देणगी पौंडात, युरोत, क्रोनमध्ये, खर्च पेसोमध्ये, शिलिंगमध्ये, नायरामध्ये. २०१६ च्या जूनमध्ये ब्रिटनने युरोपातून बाहेर पडायचं ठरवलं आणि एका रात्रीत पौंड कोसळला, ज्यांना ब्रिटनकडून यायचे होते त्यांचे डॉलर बसल्याजागी कमी झाले, देणगीदाराने एक पेनीही कमी केलेली नसताना. मोठ्या कंपन्या याचा विमा उतरवल्यासारखा बंदोबस्त करतात, पण जिथे पैसे कुठल्या महिन्यात येतील तेच ठरलेलं नाही तिथे बंदोबस्त करणार कशाचा.

हे सगळं सुधारायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. २००८ पासून सुधारणा सुरू झाल्या, २०१० च्या सुमारास वर्ल्ड बँकेकडे विश्वस्त म्हणून एक सामायिक निधी ठेवला गेला, त्याला तीन खिडक्या. पहिल्या खिडकीत टाकलेला पैसा पूर्ण व्यवस्थेसाठी, दुसरीत टाकलेला ठराविक कार्यक्रमासाठी, तिसरीत टाकलेला एखाद्या संस्थेसाठी, आणि या सगळ्याबाहेर थेट दोघांतला करार तो बायलॅटरल. कल्पना छानच होती, की सगळे पहिल्या खिडकीकडे वळतील. पैसाही वाढला, २०१४ मध्ये एकूण रक्कम १०० कोटी डॉलरच्या वर गेली. पण खिडकी उघडी ठेवली म्हणून कोणी तिथे रांग लावत नाही, बहुतेकांना आपलं नाव असलेला प्रकल्पच हवा होता. आणि देशांवर बजेटचा ताण आला की कात्री आधी सामायिक निधीलाच लागते, कारण तिथे कापलं तर कुठलाही एक प्रकल्प बंद पडल्याची बातमी होत नाही. २०१५ मध्ये तसंच झालं, वर्षाच्या मध्यात कार्यक्रमांची बजेटं कापली गेली, माणसं घेतलेली, शेतं पेरलेली आणि वरून पत्र येतं की आकडा बदललाय. २०१७ पर्यंत एकूण पैसा ८५ कोटी डॉलरच्या आसपास उतरला. मग २०१९ मध्ये वन सीजीआयएआर म्हणून पुन्हा नवी रचना. एवढ्या फेररचना झाल्या की काही शास्त्रज्ञांचं अर्धं करिअर ऑर्गनायझेशन चार्ट वाचण्यात गेलं असेल.

इथे संस्थांनाही मी सोडणार नाही. पंधराच्या आसपास संस्था, प्रत्येकाचं वेगळं मुख्यालय, वेगळं संचालक मंडळ, वेगळं हिशोबाचं सॉफ्टवेअर, वेगळे खरेदीचे नियम, आणि एकत्र या म्हटलं की प्रत्येकाला आपली ओळख आठवते. पैसा दिसला की आपल्या कामात बसत नसलेला प्रकल्पही घ्यायचा ही सवय त्यांनीच लावून घेतली, नाही म्हणायची हिंमत फार थोड्या संचालकांनी दाखवली. हेगला आयस्नार नावाची संस्था होती, गरीब देशांच्या स्वतःच्या संशोधन व्यवस्था मजबूत करायचं काम, तीच २००४ मध्ये बंद झाली. म्हणजे ज्या कामामुळे पुढे देणगीदारांची गरज कमी झाली असती तेच आधी गेलं.

आता २०२५ चं, ज्यावर तुमचं संपादकीय होतं. २० जानेवारीला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली, मागोमाग काम थांबवा अशी पत्रं गेली, मार्चपर्यंत यूएसएड या अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचे ८० टक्क्यांहून जास्त कार्यक्रम रद्द झाले आणि १ जुलैला ती संस्थाच संपली. ब्रिटनने फेब्रुवारीत जाहीर केलं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्के मदत २०२७ पर्यंत ०.३ वर आणणार, ती आधी ०.७ होती. हे सगळं तुम्ही छापलंत. पण आता हिशोबवाल्याकडून ऐका. सीजीआयएआरमध्ये संस्थेकडे किती गंगाजळी असावी याचा एक मापदंड आहे, ७५ ते ९० दिवसांच्या खर्चाएवढी. आणि गोठवणूक किती दिवसांची? ९०. म्हणजे नियम तंतोतंत पाळणारी संस्था सुद्धा, फक्त अमेरिकेवरच अवलंबून असती तर, पहिल्या पत्राला उत्तर येईपर्यंत रिकामी झाली असती. त्यात यातले बरेच करार असे असतात की आधी तुम्ही खर्च करा, मग बिल पाठवा, मग आम्ही देऊ. त्यामुळे गोठवणूक फक्त पुढच्या कामाची झाली नाही, झालेल्या कामाचे पैसेही अडकले, हे सगळ्याच मदत क्षेत्रात झालं आणि प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, जवळपास २०० कोटी डॉलरची बिलं, सगळी केलेल्या कामाची.

प्रयोगाला पॉज बटण नसतं ही गोष्ट वॉशिंग्टनमध्ये कोणाला ठाऊक नसावी. पैदाशीच्या कार्यक्रमात आठव्या पिढीला पोचलेली हजारो रोपं शेतात उभी असतात, त्यांची निवड त्याच आठवड्यात करायची असते, कोणी गेलं नाही तर बी गळून मातीत मिसळतं आणि आठ पिढ्यांचा पैसा, जो कदाचित दुसऱ्याच देशाने दिलेला होता, तोही जातो. पुरात तग धरणाऱ्या भाताचं बघा, इरीने तसा एक भात १९७० च्या दशकात हेरला, जनुकाची जागा १९९० च्या दशकाच्या मध्यात सापडली, जनुक २००६ मध्ये हाती लागलं, आणि शेतकऱ्याच्या हातात वाण गेलं २००९ मध्ये. या तीस-पस्तीस वर्षांत कुठल्याही एका देणगीदाराने चुकीच्या वर्षी ९० दिवसांचा पॉज घेतला असता तर काय?

यातून काहीतरी वेगळं करता येतं याचा एक नमुना आहे, आणि तो बियाण्याच्या बँकांचा आहे. या संस्थांच्या जीनबँकांत ७ लाखांच्या वर नमुने आहेत, ते सांभाळणं म्हणजे वर्षानुवर्षं तेच ते काम, थंड ठेवा, उगवण तपासा, जुनं झालं की पुन्हा पेरून ताजं करा. याला तीन वर्षांची ग्रँट म्हणजे चेष्टाच. म्हणून २००४ मध्ये क्रॉप ट्रस्ट उभा केला, मूळ रक्कम गुंतवायची आणि फक्त उत्पन्नातून खर्च भागवायचा. २०१८ मध्ये इरीच्या भाताच्या बँकेला त्यातून दरवर्षी १४ लाख डॉलर कायमचे मिळण्याचा करार झाला, कायमचे हा शब्द कुठल्या ग्रँटच्या कागदावर मी तरी कधी पाहिला नव्हता. आणि याची किंमत सिरियाने दाखवली, अलेप्पोजवळची इकार्डा या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेची बँक युद्धात हातातून गेली, पण नमुन्यांच्या प्रती नॉर्वेतल्या स्वालबार्ड बेटावरच्या बियाण्याच्या तिजोरीत होत्या, २०१५ मध्ये तिथून बी काढून लेबनॉन आणि मोरोक्कोत साठा पुन्हा उभा केला. स्वालबार्डमध्ये डबे ठेवायला कोणत्याही सिरियन प्रकल्पाच्या उद्दिष्टांत जागा नसती, हे लक्षात घ्या.

सगळं संशोधन असं ठेवीच्या व्याजावर चालणार नाही हे मलाही कळतं, तेवढी ठेव कोण देणार. पण काही गोष्टी पैसे न वाढवताही होऊ शकतात. करारात एक कलम असावं की देणगी थांबवायची तर चालू हंगाम पूर्ण होऊ द्यायचा, आणि तो संपेपर्यंतचे पैसे आधीच जमा असायचे. ओव्हरहेड खऱ्या खर्चावर ठरावा आणि तो ऑडिट करून घ्या ना, कोण नाही म्हणतंय. सगळ्यांनी मिळून एकच अहवालाचा फॉर्म मान्य करावा, वर्षातून एकदा, एकच ऑडिट. मोठ्या देणगीदारांनी निदान आपल्या रकमेचा ठराविक हिस्सा दहा वर्षांसाठी बिनअटीचा बांधून द्यावा, त्यातून मेंटेनन्सची कामं चालतील. यातलं एकही अशक्य नाही, फक्त यात कोणाचं उद्घाटन नाही. संस्थांनी पण आपलं हिशोबाचं, खरेदीचं, पगाराचं काम एका ठिकाणी आणावं, त्यात माझ्यासारख्यांच्या काही नोकऱ्या जातील, गेल्या तर गेल्या.

आणि एक विनंती तुमच्या वार्ताहरांना. हवामान परिषद असो की अन्न परिषद, मंचावरून कोणीतरी कोटीकोटी डॉलर जाहीर करतं आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा तुमच्या पहिल्या पानावर असतो. पुढच्या वेळी तो छापण्याआधी तीन गोष्टी विचारा: यातला नवीन पैसा किती आणि गेल्या वर्षीचाच पुन्हा मोजलेला किती, तो किती वर्षांसाठी आणि कुठल्या खिडकीतून येणार, आणि गेल्या परिषदेत जाहीर केलेल्यातला प्रत्यक्ष खात्यात जमा किती झाला. उत्तर मिळालं नाही तर तेही छापा, आकड्याच्या शेजारीच.

आपला,
एक निवृत्त हिशोबनीस वाचक